पंचशीलाच्या गिटारची शिट्टी

बीदर, ८ फेब्रुवारी २००५

खताच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी आतापर्यंत मी फक्त जोडण्या लिहायला वापरली. कुठली वायर कुठं गेली, एवढंच. आजपासून बाकीचंही लिहितो. काल कोहिनूर गावी झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

रत्नपालच्या भीमगीत मंडळात माझी मुलगी पंचशीला गिटार वाजवते आणि साऊंड माझा असतो. रत्नपालच्या वडिलांच्या वेळेपासून, बावीस वर्षं. काल ऐन कार्यक्रमात लाईट गेली, स्टेजमागं जनरेटर लावला आणि गिटारमधून घूंऽऽ सुरू झालं. पंचशीलानं तारांवर हात ठेवला की कमी, हात काढला की परत. गाण्यातल्या शांत जागेला लोक हसले. ती मान खाली घालून वाजवत राहिली.

आज सकाळी रत्नपाल घरी आला. चहा घेतला नाही. "काका, चौदा एप्रिलला गुलबर्ग्याचं स्टेज हाय. तिथं असलं घूं घूं चालायचं न्हाई. तुमच्यानं होत नसंल तर मी कॅसिओवाला बघतो."

पंचशीला दारात उभी होती. दोन स्थळं आली तेव्हा दोघांनीही गिटार सोडणार का म्हणून विचारलं, आणि हिनं दोघांनाही नाही म्हटलं. आता रत्नपालच सोडायला लावतोय.

मी म्हणालो, होतंय की. माझं काम आहे ते.

११ फेब्रुवारी

गिटार उघडली. तारांच्या खाली दोन पिकअप आहेत. आत लोहचुंबक, भोवती केसासारख्या तारेची कॉइल. वरची तार हलली की कॉइलमध्ये करंट येतो आणि तोच पुढं ॲम्प्लिफायरला जातो. हैदराबादहून आणलेली जुनी गिटार, दोन्ही पिकअप उघडेबोडके. रेडिओत अशा कॉइलीवर धातूची डबी असते, डबीला अर्थिंग असतं, म्हणून बाहेरची घरघर आत शिरत नाही. इथं डबीच नाही.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून टोपण केलं. चुंबकानं ते असं धरलं की आवाजच मेला. लोखंड चालणार नाही. चुंबकाला न चिकटणारा पातळ पत्रा पाहिजे.

१५ फेब्रुवारी

बिदरीचं नक्षीकाम करणाऱ्या कल्लप्पाकडे गेलो. गेल्या गेल्या रागावला. "अण्णा, सकाळपासून फोन करायलोय. उचलत कामून न्हाईस?" मोबाईल खिशातच होता. ह्या नव्या फोनांची रिंग फारच बारीक असते.

त्याच्याकडे जर्मन सिल्व्हरचा पत्रा निघाला. चुंबक लावून बघितलं, चिकटत नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं दोन टोपणं ठोकून दिली. स्क्रूच्या डोक्यांसाठी सहा-सहा भोकं, कोपरे असे गोल की बोट फिरवत राहावं. वर चांदीच्या तारेची वेल बसवू का म्हणत होता. पंचशीला म्हणाली, "नको कल्लप्पामामा, साधंच ऱ्हाऊ द्या."

टोपणं बसवली, कडेला सोल्डरचा डाग देऊन अर्थिंगला जोडली. घूं गेलं. ट्यूबलाईटखाली धरली तरी गप्प! बायकोनं, इंदिरानं, शिरा केला.

१६ फेब्रुवारी

आज ॲम्प्लिफायर जरा चढवला तशी पंचशीला ओरडली, "अप्पा, शिट्टी!" मी म्हटलं, कुठं? ती दोन्ही कानांवर हात ठेवून उभी. स्पीकरला अगदी कान लावला तेव्हा मच्छरासारखं काहीतरी वाटलं. इंदिरा पिठाच्या हातानं बाहेर आली, "काय जळायलंय का?" म्हणून.

मला एवढी काही मोठी वाटली नाही. पण आहे ती आहे.

२१ फेब्रुवारी

कारण सापडलं. टोपणावर पेनानं टकटक केलं तर स्पीकरमधून टक टक येतं. म्हणजे टोपण माईकसारखं ऐकतंय. स्पीकरच्या आवाजानं पत्रा थरथरतो, तो थरथराट कॉइल पुढं पाठवते, स्पीकर अजून मोठा होतो, पत्रा अजून थरथरतो. असं फिरत फिरत शिट्टी चढते. घूं घालवायला टोपण पाहिजे आणि टोपण घातलं की शिट्टी. काढलं तर रत्नपाल, ठेवलं तरी रत्नपाल.

आतून स्पंज लावला, चिकटपट्टी लावली. पंचशीला प्रत्येक वेळी मान हलवते. "हाय अप्पा अजून."

पंचशीलानं सायबर कॅफेतून इंग्रजी कागद छापून आणलाय. त्यात म्हणे पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण आत शिरून घट्ट झालं की काही हलत नाही. ती वाचून दाखवत होती, मी म्हटलं, "कागद ठेव. जुन्या रेडिओच्या कॉइली मेणातच असायच्या. मला म्हाईत हाय."

२६ फेब्रुवारी

काय लिहू?

मेणबत्त्या वितळवून पातेलं सरळ गॅसवर ठेवलं. कागदात पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवा, असं लिहिलं होतं म्हणे. मी वाचून घेतलं नाही. पुढचा पिकअप दोऱ्यानं सोडला. बघता बघता कॉइलची तार जिच्यावर गुंडाळलेली असते ती प्लॅस्टिकची फिरकी वाकली. बाहेर काढून मीटर लावला, काटा हलेना. आतली तार तुटली होती.

पंचशीला समोरच बसली होती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं पातेलं उचललं, मोरीत नेऊन ठेवलं आणि परत येऊन म्हणाली, "हात भाजला का अप्पा?"

९ मार्च

फिरकी तापवून सरळ केली. हैदराबादच्या बसनं तार मागवली. चार दिवस झाले गुंडाळतोय. पाच हजार वेढे पाहिजेत. पहिल्यांदा बत्तीसशेला तुटली, दुसऱ्यांदा चार हजार सहाशेला. तार एवढी बारीक की चष्म्यातूनही नुसती चकाकी दिसते. इंदिरा पंखा बंद करून समोर बसते आणि आकडे मोजते. तिसऱ्यांदा तुटली तर मी काय करणार, मला माहीत नाही.

१२ मार्च

झालं. मीटरचा काटा हलला. इंदिरानं डोळे पुसले. मी म्हटलं, रडायला काय झालं? तर म्हणाली, "मोजून मोजून डोळ्यात पाणी आलंय, रडायले कशाला?"

१९ मार्च

ह्या वेळी सगळं नियमानं केलं. पाण्याच्या पातेल्यात मेणाची तपेली, आणि दूध डेअरीतल्या गुरुपादय्याकडून मागून आणलेला थर्मामीटर. पासष्टच्या वर जाऊ दिलं नाही. दोन्ही पिकअप मेणात वीस मिनिटं ठेवले, काढले, गार केले, मग वर टोपणं बसवून डाग दिला.

गिटार लावली. आवाज पूर्ण चढवला. शिट्टी बंद! एकदम साफ. स्पीकरपुढं पाच मिनिटं बसून राहिलो, काही नाही.

पंचशीलाला हाक मारली. ती आली, दारातच थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मग गिटार उचलली, एक बटण फिरवलं आणि म्हणाली, "व्हय अप्पा. बंद झाली."

इंदिरा पाखडायचं सूप घेऊन मागच्या अंगणात निघून गेली होती. तिला एवढं बोलावलं, पण आलीच नाही. बायकोला कौतुक नसतं आपल्या कामाचं.

२७ मार्च

तालीम. घूं नाही, शिट्टी नाही, पण पंचशीलाचं वाजवणं मला आवडलं नाही. बोथट वाजवायली. टोनचं बटण पूर्ण बंद ठेवते. चादरीच्या आतून वाजवल्यासारखं. मी सांगितलं, "बटण खोल की, कामून गुदमरवायलीस?" तर म्हणते, "असंच बरं वाटतंय अप्पा."

ढोलकीवाल्या सिद्धप्पानं तिच्याकडे बघितलं, तिनं मान हलवली. मग रत्नपालला हळूच काहीतरी म्हणाली. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, "लई कष्ट केल्यात अप्पांनी." मला बरं वाटलं.

२ एप्रिल

रत्नपाल आला होता. इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "काका, गुलबर्ग्याला मिक्सरवर मारोतीला बसवू का? तुमाला जरा आराम."

मारोती म्हणजे त्याचा मावसभाऊ. लग्नात डीजे लावतो. मी म्हटलं, "तुझ्या बापाला पहिला माईक मी धरून दिला. मला आराम नको." त्यानं पंचशीलाकडे बघितलं. शेवटी "बरं, तुमीच बसा" म्हणाला.

सगळ्यांना वाटतं की माणूस पन्नाशीला आला की संपला.

१५ एप्रिल

गुलबर्ग्याहून सकाळच्या बसनं आलो. पंचशीला आणि मी शेजारी बसून आलो. जसं झालं तसं लिहितो.

कार्यक्रम ऊन उतरल्यावर होता. मैदान भरलेलं, निळे झेंडे, बायका पांढऱ्या साड्यांत पुढं. मी मिक्सर लावला, सगळे माईक बघितले. पंचशीला पाणी प्यायला गेली होती आणि गिटार स्टँडला टेकवलेली होती. मी बघितलं, टोनचं बटण परत बंद. एवढं मोठं स्टेज, आणि पोरगी चादरीतून वाजवणार. मला राहवलं नाही. मी स्टेजवर चढलो आणि ते बटण पूर्ण उघडून ठेवलं. कुणी बघितलं नाही.

पहिल्या गाण्याला तिचं काम थोडं होतं. दुसऱ्या गाण्याला मधला तुकडा तिचा एकटीचा. रत्नपालनं तिला पुढं बोलावलं. मी तिचा आवाज चढवला.

समोरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. एका म्हातारीनं मांडीवरच्या लेकराचे कान झाकले. लेकरू रडत होतं, ते तोंडावरून कळत होतं. मला वाटलं फटाके लावले असतील मागं कुठंतरी. मी मागं वळून बघितलं. काही नाही. मिक्सरचा काटा पार लाल रेघेच्या पुढं जाऊन थरथरत होता. मला वाटलं, काटा बिघडला. मी काट्याच्या काचेवर टिचकी मारली.

पंचशीला माझ्याकडे हात करून काहीतरी सांगत होती. मला वाटलं, अजून चढव म्हणते. मी अजून चढवला.

रत्नपाल स्टेजवरून उडी मारून आला आणि त्यानं माझ्या हाताखालून बटण खाली ओढलं.

"काका, ऐकू येईना का तुमाला?"

मी म्हटलं, "काय?"

 मागून पंचशीला आली. गिटारची वायर तिनं काढून टाकली होती. ती रत्नपालला म्हणाली, "त्यांना काय बोलू नको. माझी चूक हाय." मग वर जाऊन उरलेला कार्यक्रम कोरसमध्ये उभी राहून गायली. मिक्सरवर मारोती बसला. मी वायरी गुंडाळत होतो, कार्यक्रम संपायच्या आधीच.

१७ एप्रिल

पंचशीलाला विचारलं. तिनं खरं सांगितलं. शिट्टी गेलीच नव्हती, एक दिवसही. टोनचं बटण बंद केलं की वरचा आवाज कापला जातो, शिट्टी दबते. म्हणून ती तशी वाजवायची.

"मग मला सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी स्पीकरपुढं बसून हसायलाव होता, अप्पा. ती एवढी वाजायली होती की शेजारच्या गौरम्माकाकूनं खिडकी लावली. तुमी हसायलाव होता. काय सांगू मी?"

१८ एप्रिल

माझ्या साऊंडच्या दुकानात ऑसिलेटर आहे. बटण फिरवावं तसा जाड-बारीक आवाज काढणारं यंत्र. दार लोटून त्याला स्पीकर जोडला. पाचशे हर्ट्झवर ऐकू आलं. हजारवर स्वच्छ. दोन हजारवर जरा लांबून आल्यासारखं. अडीच हजारवर मच्छर. तीन हजारवर स्पीकर बंद पडला.

वायर हलवली. परत लावली. मीटर लावला तर करंट जात होता. चार हजारवर नेलं, आवाज पूर्ण चढवला, मग स्पीकरच्या कागदावर बोट ठेवलं. कागद थरथरत होता.

समोरचा चहावाला कान दाबत आत आला. "अण्णा, बंद कर की ते! डोसकं फुटायलंय!"

मी बंद केलं. मला फरक काहीच पडला नाही.

२३ एप्रिल

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी कागदावर रेघ काढून दिली, सरळ जाते आणि मग विहिरीत पडल्यासारखी खाली. कामधंदा विचारला. मी सांगितलं, कर्णे, मिरवणुका, स्टेज. कर्ण्याखाली किती वेळ उभे असता? मी म्हटलं, सगळा वेळ. ते म्हणाले, नस गेलेली आहे, परत येत नाही, जेवढं आहे तेवढं सांभाळा. यंत्र लावता येतं, पण ते बोलण्यासाठी. गाण्याचं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले.

इंदिरानं बाहेर आल्यावर विचारलं, "माझं बोलणं ऐकू येतंय न्हवं?" म्हटलं, येतंय. "मग बास," म्हणाली.

पण बास नाही. मी बावीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो की आवाज असा पाहिजे, तसा पाहिजे. त्यातलं किती खरं होतं? कधीपासून खोटं होतं? हे कुणाला विचारायचं?

३ मे

रत्नपालनं कॅसिओवाला ठेवला. पंचशीलाला म्हणाला, गिटार नीट झाली तर बुद्धपौर्णिमेला एकदा बघू.

तिनं आज तो छापलेला कागद पुढं ठेवून स्वतः पिकअप उघडले. टोपणं काढल्यावर माझी चूक माझ्याच डोळ्यांना दिसली. मी आधी मेणात बुडवून मग टोपण बसवलं होतं. त्यामुळं कॉइल घट्ट, पण टोपण आणि कॉइलच्या मध्ये हवा तशीच. पत्रा तसाच मोकळा थरथरणार, शिट्टी फक्त आणखी बारीक, माझ्या कानापलीकडची. टोपण आधी बसवून, डाग देऊन, मग सगळंच्या सगळं बुडवायचं होतं. कागदात तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, तिनं वाचून दाखवलं.

ह्या वेळी मेणात मधमाशीचं मेणही थोडं घातलं, कडक होऊन तडकू नये म्हणून. तिनं टोपणासकट पिकअप सोडला. मी थर्मामीटर धरला. टोपणाच्या भोकांतून बुडबुडे यायला लागले, एकामागं एक, मोहरीएवढे.

"हे थांबेपर्यंत काढायचं न्हाई," ती म्हणाली.

आम्ही दोघं वाकून बघत बसलो. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. शेवटचा बुडबुडा बराच वेळ भोकाच्या कडेला धरून राहिला आणि सुटला.

गार झाल्यावर तिनं पेनानं टोपणावर टकटक केलं. माझ्या कानाला ते पूर्वीसारखंच होतं की नव्हतं, मला सांगता आलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं आवाज चढवला, अजून चढवला, टोनचं बटण पूर्ण उघडलं.

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

"खरं सांगायलीस?"

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "आता खोटं कशाला सांगू अप्पा?" मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. दुसरं माझ्याकडे काही नव्हतंच.

१४ मे

रत्नपाल ऐकून गेला. पसंत पडलं. जूनपासून मंडळ तीन महिने पुण्याला जाणार, तिकडं रोजचे कार्यक्रम आहेत, पंचशीलाला घेऊन जाणार. साऊंड तिकडचा त्यांचा आहे. एवढं सांगताना तो चपलेकडे बघत होता. मी म्हटलं, बरं झालं, माझी पाठ दुखतेच हल्ली.

मिक्सर त्याला देऊन टाकला. मारोती टेम्पो घेऊन आला. कुठलं बटण अडकतं ते त्याला दाखवलं. तो वाकून पाया पडला. पोरगा वाईट नाही.

२४ मे

काल खजुरीला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम झाला, सकाळी वंदना आणि मग गाणी. मी पहिल्यांदाच समोर चटईवर बसलो, इंदिराच्या शेजारी. हात कुठं ठेवावेत कळेना.

पंचशीला पुढं आली. तिची बोटं वर वर सरकत गेली. मला वाजताना ऐकू येत होतं, पण सगळं कापडात बांधून ठेवल्यासारखं. समोरची माणसं पुढं झुकली. माझ्यापुढचा एक म्हातारा मान हलवायला लागला. मला कळलं की तिथं काहीतरी चाललंय, आणि ते माझ्यापर्यंत येत नाही.

मी इंदिराला विचारलं, "कसं वाजवायली?"

"तुमी ऐकायलाव की."

"तरी सांग."

तिनं गाण्याबद्दल आयुष्यात कधी काही सांगितलेलं नाही. तिनं स्टेजकडे कान केला. मग म्हणाली, "घासलेली पितळी भांडी एकावर एक ठेवताना वाजतात बघा. तसं. पण टोचत न्हाई."

दुसऱ्या गाण्याला परत विचारलं. म्हणाली, "आता जरा ओलं वाजवायली."

तिसऱ्याला मी विचारायच्या आधीच ती माझ्या कानाशी वाकून सांगायला लागली.

चौथ्या गाण्याला मी कान तिच्याकडे नेला. तिनं डोळ्यांना पदर लावला होता. मी स्टेजकडे बघत बसलो.